जुनी वास्तू राखायची तर आधी पाणी राखा

बुलडाणा जिल्ह्याचे नाव निघाले की बाहेरच्या माणसाला तीन गावे चटकन आठवतात. शेगाव, लोणार आणि सिंदखेडराजा. ही तीन ठिकाणे मोठीच आहेत, त्यात वाद नाही. पण विस्ताराच्या कामानिमित्त तालुक्या-तालुक्यांत फिरणाऱ्या माणसाला एक गोष्ट लवकर ध्यानात येते. जुना दगड या जिल्ह्यात फक्त तीन गावांत नाही. सातगाव भुसारी, साकेगाव, कोथळी, धोत्रा नंदाई, रोहिणखेड, साखरखेर्डा, मेहकर अशी कितीतरी नावे घेता येतील. कुठे देऊळ, कुठे मशीद, कुठे बारव, कुठे धर्मशाळा. काही वास्तूंवर पुरातत्त्व खात्याचा निळा फलक आहे, पुष्कळशा नुसत्याच उभ्या आहेत. फलक असो वा नसो, त्या वास्तूला लागून शेत कोणाचे तरी असतेच, आणि तिचे बरे-वाईट बरेचसे त्या शेतकऱ्याच्या हातात असते.

म्हणून हा लेख इतिहासाच्या अभ्यासकांसाठी नाही. ज्यांच्या गटाला लागून जुने देऊळ आहे, ज्यांच्या वहिवाटीत बारव आहे, ज्यांना यंदा शेततळे किंवा विहीर खोदायची आहे, त्यांच्यासाठी आहे.

पाणी होते तिथे दगड चढला

आपला जिल्हा अजिंठ्याच्या डोंगररांगेने दुभागला आहे. आपण त्याला घाटावरचा आणि घाटाखालचा म्हणतो. घाटाखाली पूर्णेचे खोरे, भारी काळी जमीन आणि पूर्णाकाठच्या पट्ट्यात खारे पाणी. घाटावर पठार, मुरूम, हलकी-मध्यम जमीन आणि पैनगंगा-खडकपूर्णेचे पाणी. पैनगंगा तर बुलडाण्याजवळच उगम पावते. जुन्या वास्तूंची यादी नकाशावर मांडून पाहा. बऱ्याचशा जागा घाटावरच्या निघतात, आणि झरा, ओढा, नदीकाठ किंवा तलावाची जागा यांच्या आसपास निघतात.

हा योगायोग नव्हे. जुन्या बांधणाऱ्याने आधी पाणी पाहिले, मग देऊळ किंवा वाडा बांधला. देवळापुढे कुंड, गावाबाहेर बारव, वरच्या अंगाला तलाव, अशी ती एकच रचना होती. आज आपण देऊळ वेगळे, बारव वेगळी, तलाव वेगळा असे तुकडे पाडले आहेत. देवळाला रंग लागतो, बारवेत कचरा पडतो, तलावात गाळ साचतो. मग काही वर्षांनी देवळाचीही भिंत फुगते, आणि ती का फुगली हे कोणालाच कळत नाही.

सिंदखेडराजा : राजवाड्याइतकेच तलाव मोलाचे

सिंदखेडराजा हे जिजाऊंचे माहेर. १२ जानेवारी १५९८ ही त्यांची जन्मतारीख मानली जाते आणि दर वर्षी त्या दिवशी गावात लाखोंचा समुदाय लोटतो. लखुजी जाधवरावांचा राजवाडा, त्यातील जन्मस्थान, रंगमहाल, काळाकोट, नीळकंठेश्वर आणि रामेश्वराची देवळे लोक श्रद्धेने पाहतात. १६२९ साली दौलताबादेच्या किल्ल्यात निजामशाही दरबारात लखुजीराव मुलांसह मारले गेले. त्यांची गावातील समाधी आकाराने एवढी मोठी आहे की नवखा माणूस तिला वाडाच समजतो.

पण गर्दीतले फार थोडे लोक मोती तलावाच्या बांधावर जातात. शेतीच्या माणसाने तिथे आवर्जून जावे. किल्ल्याच्या तटासारखा भक्कम दगडी बांध घालून अडवलेले पाणी आहे ते. जवळच चांदणी तलाव, त्याच्या मध्यभागी तीन मजली वास्तू. शिवाय पुतळा बारव आणि सजना बारव. पुतळा बारवेला नाव पडले ते तिच्यातील कोरीव मूर्तींवरून. राजवाडा बांधणाऱ्या घराण्याने दोन तलाव आणि बारवा यांवरही तेवढाच पैसा आणि तेवढीच कारागिरी ओतली, ही गोष्ट आपल्यासारख्या कमी पावसाच्या मुलखात विचार करण्यासारखी आहे. पाण्याशिवाय ना फौज टिकत, ना बाजारपेठ, ना रयत.

याच गावात २०२४ च्या उन्हाळ्यात मोठी गोष्ट घडली. समाधीच्या परिसरात केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे डागडुजीचे काम चालू असताना जमिनीखाली दगड लागले. काळजीपूर्वक खोदत गेल्यावर जुन्या शिवमंदिराचा पाया उघडा झाला, आणि पुढे सुमारे सव्वादोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची मूर्ती मिळाली. सुमारे १.७ मीटर लांब आणि १ मीटर उंच. शेषावर विष्णू, पायाशी लक्ष्मी, मागे समुद्रमंथनाचे कोरीव काम.

सव्वादोन मीटर म्हणजे किती? आपण जे ३० बाय ३० चे शेततळे खोदतो, त्याची खोली ३ मीटर असते. म्हणजे शेततळ्याच्या तळापर्यंतही जावे लागत नाही, त्याआधीच इतिहास लागू शकतो. तिथे जाणकार माणसे हाताने माती काढत होती म्हणून मूर्ती शाबूत निघाली. जेसीबीचा बकेट असता तर?

लोणार : विवर, धार आणि बारव

लोणारचे विवर उल्कापाताने झाले हे आता शाळेतले पोरही सांगते. व्यास साधारण अठराशे मीटर, आणि तेही बेसाल्ट म्हणजे आपल्याच काळ्या पाषाणात झालेले. म्हणून जगभरचे शास्त्रज्ञ इथे येतात. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली, पण आपल्या लोकांना ते त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. अकबराच्या काळातील आईन-ए-अकबरीत लोणारचा उल्लेख आहे. सरोवराच्या खाऱ्या पाण्यातून निघणाऱ्या क्षारांना डल्ला, निमक डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी निरनिराळी नावे होती आणि त्यांचा व्यापार चाले. साबण आणि काच करायला ते लागत.

विवराच्या काठावर गोड्या पाण्याची बारमाही धार आहे. आत खारे सरोवर, काठावर गोडे पाणी. या गोड्या पाण्याच्या आधाराने देवळे उभी राहिली. गावातील दैत्यसूदनाचे मंदिर तारकाकृती पायावर उभे असून त्यावरची कोरीव कामगिरी विदर्भात उठून दिसते. लवणासुराला विष्णूने मारले, त्या कथेवरून देवाला नाव पडले. गावात लिंबी बारव आहे. विवराच्या आत कमळजादेवी, रामगया, वाघ महादेव अशी देवळांची रांगच आहे.

जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले तेव्हा देशभर बातम्या झळकल्या. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी करून सांगितले की, क्षारता वाढल्यावर खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे हा रंग आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. मान मोठा आहे, पण त्याबरोबर जबाबदारीही येते. विवराच्या उतारावरून आणि काठावरून वाहणारे पाणी शेवटी खाली सरोवरातच जाते. गावचे सांडपाणी असो की शेतातले खत-औषध, वाट तीच. तेव्हा काठाकडच्या शेतकऱ्याने उताराला आडवी पेरणी करणे, बांधावर गवत राखणे, माती परीक्षण करून मोजके खत देणे आणि फवारणीचा पंप झऱ्यावर न धुणे, हीसुद्धा वारसा जपण्याचीच कामे आहेत. त्यात शेतकऱ्याचे नुकसान काही नाही, उलट खताचा पैसा आणि माती दोन्ही जागेवर राहतात.

मेहकर आणि १८८८ साल

मेहकर हे पैनगंगेकाठचे जुने गाव. तिथली जुनी धर्मशाळा केंद्राच्या संरक्षित यादीत आहे. कंचनीचा महाल प्रसिद्ध आहे आणि त्याच्या दंतकथा गावात अजून सांगतात. पण मेहकरची खरी ओळख शारंगधर बालाजी. सुमारे अकरा फूट उंचीची ही काळ्या पाषाणाची मूर्ती १८८८ साली खोदकामात सापडली. त्या काळी वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे होता. मूर्ती विलायतेला नेण्याचा साहेबाचा विचार होता आणि गावकऱ्यांनी ती हलू दिली नाही, असे जुनी मंडळी सांगत आली आहेत. मूर्ती गावातच राहिली, तिच्यासाठी मंदिर उभे राहिले आणि आज ती पूजेत आहे.

मेहकरचे १८८८ आणि सिंदखेडराजाचे २०२४, या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. मधे १३६ वर्षे गेली, सरकारे बदलली, कायदे झाले. दोन्ही वेळा वस्तू जमिनीखालीच निघाली, आणि दोन्ही वेळा ती गावाच्या डोळ्यांसमोर निघाली म्हणून तिची नोंद राहिली. रात्री गुपचूप निघालेल्या वस्तूची नोंद कुठेच राहत नाही.

मशिदी आणि रणभूमी

जुन्या वास्तू म्हणजे केवळ हेमाडपंती देवळे, असाही एक समज आहे. तो बरोबर नाही. साखरखेर्ड्याची मशीद १५८१ ची आणि घाटाच्या पायथ्याशी असलेल्या रोहिणखेडची मशीद १५८२ ची. दोन्ही खुदावंदखानाने बांधलेल्या. दोन्हींचे दगडकाम पाहण्यासारखे आहे.

साखरखेर्ड्याला तर हिंदुस्थानच्या इतिहासाला वळण लागले. ऑक्टोबर १७२४ मध्ये निजाम-उल्-मुल्कने मुबारिजखानाचा इथे पराभव केला आणि हैदराबादच्या आसफजाही राज्याची पायाभरणी झाली. विजयाच्या खुणेसाठी गावाला फत्तेखेर्डा नाव दिले गेले. ते राज्य १९४८ पर्यंत टिकले, आणि वऱ्हाड १८५३ साली इंग्रजांच्या हाती गेला तोही याच निजामाकडून. आपल्या सातबाऱ्याचा, महसुलाचा, बाजारपेठेचा इतिहास या घडामोडींना जोडलेला आहे. एवढी मोठी गोष्ट जिथे घडली, त्या मुलखातून एसटीने जाणाऱ्या किती जणांना ती ठाऊक असते?

नुकसान कशाने होते?

लढाया सोसून उभ्या राहिलेल्या या वास्तू आपल्या काळात का ढासळतात, याची कारणे बरीचशी माती-पाण्याचीच आहेत.

पहिले कारण, साचलेले पाणी. हेमाडपंती बांधणीत दगडावर दगड खाच-खुंटीने बसवलेला असतो, मधे चुना नसतो. यादवांचा प्रधान हेमाद्री तेराव्या शतकातला, पण ही पद्धत त्याच्या आधीपासूनची. या बांधणीचा सगळा भार पायाच्या स्थिरतेवर. काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. देवळाभोवती पाणी तुंबले की पायाजवळची माती दर वर्षी फुगते-आकसते आणि सांधे हलू लागतात. शेजारच्या शेताचा बांध देवळाकडे फुटला असेल तर हे काम अधिकच वेगाने होते.

दुसरे कारण, झाडे. पाखरांच्या विष्ठेतून वड, पिंपळ, उंबर दगडाच्या फटीत रुजतात. बोटाएवढे रोप असताना ते काढणे दोन मिनिटांचे काम. मनगटाएवढे झाले की ते ओढू नये, ओढले तर मुळाबरोबर दगड येतो. अशा वेळी वरून छाटत राहावे आणि जाणकाराला दाखवावे. फटीत ॲसिड किंवा तणनाशक ओतण्याचा उपाय स्वतःच्या मनाने करू नये.

तिसरे कारण, सिमेंट. चांगल्या मनाने केलेले हे सर्वांत मोठे नुकसान. वाड्याच्या, तटाच्या जुन्या विटा चुन्यात बसवलेल्या असतात. चुना ओल आत-बाहेर होऊ देतो, सिमेंट ती कोंडून धरते. मग आतली वीट भुगा होते आणि वरचा गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. बारवेच्या तळाला सिमेंट केले तर झरेच बंद होतात. मूर्तीला आणि खांबाला ऑइलपेंट फासणे हाही त्यातलाच प्रकार.

चौथे कारण, दगडाची ने-आण. गोठ्याला पायरी हवी, बांधाला दगड हवा, की पडक्या देवळाकडे बैलगाडी वळायची. आता ट्रॅक्टर वळतो. एकेक दगड कमी होतो आणि एक दिवस छप्पर बसते. आणि पाचवे कारण, गुप्तधनाचा नाद. अमावास्येच्या रात्री शिवलिंगाखाली खड्डे खणणारे टोळके धन तर काही मिळवत नाही, पण शेकडो वर्षांची वास्तू मात्र खिळखिळी करून जाते.

खोदताना काही सापडले तर

शेतकरी विचारतो, साहेब, मूर्ती निघाली आणि कळवले तर जमीन जाईल ना? ही भीती खरी आहे, आणि याच भीतीने कितीतरी वस्तू पुन्हा मातीत लोटल्या जातात. म्हणून कायदा काय म्हणतो ते सरळ सांगतो.

जमिनीत पुरलेली मौल्यवान वस्तू सापडली तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. तहसीलदार किंवा तलाठ्यामार्फत हे करता येते. त्या वस्तूवर कोणाची मालकी सिद्ध झाली नाही तर सापडवणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा हक्क कायद्याने धरला आहे. दोघांत करार नसेल तर तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याला आणि एक चतुर्थांश मालकाला. सरकारने वस्तू घेतली तरी तिच्यातील मालाची किंमत आणि वर पाचवा हिस्सा द्यावा लागतो. लपवले तर मात्र हक्क जातो आणि शिक्षेची पाळी येते.

राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तूंसाठी १९५८ चा कायदा आहे. एखादी जागा संरक्षित करायची तर सरकारला आधी सूचना काढून दोन महिने हरकती मागवाव्या लागतात. आणि संरक्षित क्षेत्रातही एक फुटापेक्षा खोल न जाणारी मशागत करायला कायद्यानेच मुभा ठेवली आहे. म्हणजे वखरणी-पेरणी थांबत नाही. २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित वास्तूपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत परवानगीची अट आहे. तेव्हा अशा जागेजवळ विहीर, शेततळे, गोठा किंवा घर करायचे असेल तर यंत्र लावण्यापूर्वी लेखी विचारणा करावी.

खोदताना घडीव दगड, कोरीव तुकडा, जुनी वीट किंवा खापरांचा थर लागला तर चार गोष्टी कराव्यात. यंत्र लगेच थांबवावे. वस्तू आहे तिथेच राहू द्यावी, धुऊ नये, शेंदूर लावू नये. फोटो काढून खोली मोजून ठेवावी. आणि सरपंच-तलाठ्यांना बोलावून पंचनामा करून घ्यावा. वस्तू कोणत्या थरात, कोणत्या दिशेला होती, यावरूनच तिचा काळ ठरतो. जागेवरून उचलली की निम्मी माहिती संपली.

गाळ काढताना जरा जपून

आपल्या जिल्ह्याने जलसंधारणात नाव काढले आहे. रस्त्याच्या कामासाठी लागणारी माती-मुरूम तलाव आणि नाल्यांतून काढायचा, म्हणजे रस्ताही होतो आणि पाणीही साठते, ही पद्धत ‘बुलडाणा पॅटर्न’ म्हणून देशभर ओळखली गेली. २०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेतून गाळ हलक्या जमिनींवर पडू लागला. हे काम चांगलेच आहे. फक्त जुन्या तलावात आणि बारवेत हाच हात जरा बेताने चालवावा.

जुन्या तलावाच्या दगडी बांधापासून यंत्र दूर ठेवावे आणि पायथा उकरू नये. मधला गाळ काढावा, बांधालगतचा माणसांनी काढावा. बारवेचा गाळ चैत्र-वैशाखात पाणी तळाला गेल्यावर टोपल्यांनी काढावा. गाळात घडीव दगड निघाला तर तो फेकू नये, बारवेचाच असतो. बारव मुरमाच्या आणि फुटक्या खडकाच्या वरच्या थरातले पाणी घेते. तिच्याभोवती बोअर वाढले की ती आटते, आणि वरच्या अंगाला नाला-बांध, समतल चर झाले की ती पुन्हा धरते. तेव्हा बारवेचे पुनरुज्जीवन पायऱ्या झाडण्याने सुरू होत असले तरी ते पूर्ण होते वरच्या शिवारात.

गावाने एवढे करावे

मोठा निधी आल्यावर पाहू, असे म्हणून भागणार नाही. ग्रामसभेत एक वही घालावी. गावातील जुनी वास्तू, गट नंबर, आज किती शाबूत आहे, शेजारी कोणाचे शेत, आणि एक फोटो. शाळेच्या पोरांकडून हे आठ दिवसांत होते. दर वर्षी मृगाच्या आधी एक दिवस श्रमदान ठेवावे. त्यात देवळाभोवतीचा चर मोकळा करणे, कोवळी पिंपळाची रोपे काढणे, बारवेतला कचरा उचलणे एवढीच कामे धरावीत. दगड बसवणे, गिलावा करणे ही कामे त्यात धरू नयेत, ती जाणकाराची आहेत. वास्तू संरक्षित असेल तर हे श्रमदानसुद्धा खात्याच्या माणसाला आधी कळवून करावे. आणि वास्तूला लागून ज्याचे शेत आहे त्याला गावाने मान द्यावा, त्याच्यावर संशय घेऊ नये. तोच तिचा खरा राखणदार आहे.

जाधवरावांनी तलाव बांधला तो पुढच्या पिढ्यांनी फोटो काढावा म्हणून नाही, शिवार भिजावे म्हणून. आपल्या गावच्या बारवेत यंदा पाणी थांबले, तर तिच्या पायऱ्यांकडे लोक आपोआप वळतील. पावसाळ्याला अवकाश आहे तोवर आपल्या शिवारातील जुन्या दगडाभोवती एक फेरी मारून या आणि पाणी कुठे तुंबते तेवढे पाहून ठेवा. मृगाआधी कुठे कुदळ मारायची ते तिथेच कळेल.